व्यापारधुरीण जॉर्ज ड्रेपर डेटन

वडिलोपार्जित पेढी चालविणाऱ्या प्रत्येक कुटुंबापुढे केव्हा ना केव्हा एक बिकट प्रश्न उभा राहतो. वाडवडिलांनी घालून दिलेली घडी जशीच्या तशी जपावी, की काळाची पावले ओळखून ती बदलावी? व्यापारउदिमात असलेल्या आपल्या ज्ञातिबांधवांना हा प्रश्न परका नाही. म्हणून अमेरिकेतील एका व्यापारी घराण्याच्या मूळपुरुषाचे चरित्र आम्ही वाचकांस सादर करीत आहोत.

जॉर्ज ड्रेपर डेटन यांचा जन्म 1857 साली न्यूयॉर्क राज्यातील क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गावी एका वैद्याच्या घरी झाला. धर्मोपदेशक व्हावे अशी त्यांची मनीषा होती. परंतु तरुणपणीच ते कोळसा व इमारती लाकूड यांच्या व्यापारात पडले आणि तेथेच रमले. 1883 साली ते मिनेसोटा राज्यातील वर्दिंग्टन या गावी जाऊन स्थायिक झाले. तेथील बँक त्यांनी आपल्या हाती घेतली आणि जमिनींच्या व्यवहारात चांगला जम बसविला.

1895 साली त्या राज्यातील मिनीआपोलिस शहराच्या निकोलेट रस्त्यावरील प्रेस्बिटेरियन पंथाचे एक प्रार्थनामंदिर आगीत भस्मसात झाले. स्वतः त्याच पंथाचे असलेल्या डेटन यांनी ती मोक्याची जागा विकत घेतली. पुढे तेथे सहा मजली इमारत उभी राहिली आणि 1902 साली गुडफेलो यांचे कापडचोपडाचे दुकान त्यांनी त्या इमारतीत आणविले. थोड्याच अवधीत गुडफेलो निवृत्त झाले आणि दुकान डेटन यांच्याकडे आले. वयाची पंचेचाळिशी गाठलेल्या या गृहस्थांनी तोवर किरकोळ विक्रीचा धंदा कधी केलेला नव्हता; परंतु अंगावर पडलेली जबाबदारी त्यांनी टाळली नाही. 1903 साली दुकानावर डेटन हे नाव झळकले. कापडापासून घरसामानापर्यंत सर्व काही एका छपराखाली देणारे ते भांडार हळूहळू शहराचे भूषण बनले.

डेटन यांची राहणी कडक धर्मनिष्ठेची होती आणि धंदाही त्याच शिस्तीने चाले. रविवारी दुकान बंद असे, मद्याची विक्री वर्ज्य होती, आणि मद्याच्या जाहिराती छापणाऱ्या वृत्तपत्रांत दुकानाची जाहिरात दिली जात नसे. मिळविलेल्या धनाचा मोठा भाग त्यांनी लोककार्यास दिला; 1918 साली दहा लक्ष डॉलरांचा धर्मादाय निधी स्थापन केला. दैवाने त्यांची परीक्षाही पाहिली. धंद्यात उजवा हात असलेला त्यांचा पुत्र ड्रेपर 1923 साली अकाली निवर्तला. त्या आघातातून सावरून त्यांनी दुसरे पुत्र जॉर्ज नेल्सन यांच्या साह्याने पेढी सांभाळली. 1938 साली त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली.

परंतु या चरित्राचा उत्तरार्ध पुढे नातवांच्या हातून घडावयाचा होता. 1950 साली जॉर्ज नेल्सन यांच्या निधनानंतर त्यांचे पाच पुत्र डोनाल्ड, ब्रूस, वॉलेस, केनेथ व डग्लस यांनी कारभार एकजुटीने हाती घेतला. महायुद्धानंतर मोटारी वाढल्या आणि लोक उपनगरांत राहावयास गेले. हे ओळखून बंधूंनी 1956 साली एडिना येथे साउथडेल ही सर्व बाजूंनी बंदिस्त व वातानुकूलित बाजारपेठ उभारली. त्याच सुमारास अत्यल्प नफ्यावर माल विकणारी नवी दुकाने जागोजाग निघू लागली होती. उधारी, घरपोच माल व दिमतीला विक्रेते यांचा खर्च जुन्या भांडाराच्या किमतीत चढत असे. नव्या दुकानांत गिऱ्हाइकाने माल स्वतः निवडावा, दारापाशी रोख पैसे द्यावेत आणि आपल्या मोटारीतून घेऊन जावा. नफा थोडा, परंतु उलाढाल जलद.

आपणच असे स्वस्त दुकान काढले तर आपल्याच भांडाराचे गिऱ्हाईक तुटेल आणि घराण्याच्या नावाला उणेपणा येईल, ही भीती खरी होती. परंतु आपण न काढले तर दुसरा काढीलच, हेही तितकेच खरे होते. पेढीतील अधिकारी जॉन गाइस यांनी या कल्पनेचा पाठपुरावा केला आणि बंधूंनी मध्यम मार्ग काढला. दुकान स्वस्त, परंतु नीटनेटके, प्रशस्त व भरवशाच्या मालाचे असावे. त्याचे नाव व कारभार मात्र स्वतंत्र असावा. 1962 साली रोझव्हिल येथे ‘टार्गेट’ नावाचे पहिले दुकान उघडले आणि वर्षअखेर त्यांची संख्या चार झाली. डग्लस यांच्याकडे त्यांची धुरा होती. आरंभीची वर्षे तोट्याची गेली; 1965 साली प्रथम नफा दिसला. 1969 साली डेट्रॉइटच्या हडसन यांच्या पेढीशी डेटन यांची पेढी एकत्र झाली, आणि 1975 साली संयुक्त पेढीच्या उत्पन्नात स्वस्त दुकानांनीच पहिला क्रमांक मिळविला.

पुढे मूळ वृक्षापेक्षा फांदीच मोठी झाली. 2000 साली संपूर्ण पेढीने टार्गेट हेच नाव धारण केले. जुनी भांडारे 2004 साली विकली गेली आणि आजोबांनी उभारलेले निकोलेट रस्त्यावरील दुकान 2017 साली परक्या नावाने चालत असताना कायमचे बंद झाले. रविवारचा व मद्याचा निर्बंध तर नातवांनी त्यापूर्वीच सोडला होता.

मग आजोबांचे उरले तरी काय? कर देण्यापूर्वीच्या नफ्यातील शेकडा 5 हिस्सा समाजकार्यास देण्याची जी प्रथा पेढीने 1946 साली अंगीकारली, ती नातवांनी निष्ठेने चालविली. आणि अननुभवी असूनही नव्या धंद्यात उतरण्याचे जे धैर्य आजोबांनी 1902 साली दाखविले, तेच नातवांनी 1962 साली दाखविले. दुकानाची पाटी हा वारशाचा देह होय; सचोटी, दातृत्व व साहस हा त्याचा प्राण होय. आपल्या मुलानातवांच्या हाती पेढीच्या किल्ल्या देताना देहाच्या मोहात प्राणाचा विसर न पडावा, एवढाच या चरित्राचा बोध आहे.