जाळीचें कापड यंत्रावर काढणारे जॉन हीथकोट

पावसाळा लागला कीं वाशीम, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा येथील बाजारांत मच्छरदाण्या टांगलेल्या दिसूं लागतात. आमच्या मंडळ्यांतील लग्नांत नवरीच्या मस्तकावर जें पांढरें जाळीदार वस्त्र असतें, तेंही त्याच जातीचें. वाचकहो, हें कापड उजेडाकडे धरून पाहावें. त्यांत सुतापेक्षां भोकें अधिक. तरी भोकें सरकत नाहींत, व ओढलें तरी जाळी पुन्हां आपल्या आकारावर येते. आपल्या कोष्ट्याच्या साध्या मागावर असें कापड निघत नाहीं. तेथें ताणा उभा, बाणा आडवा. ते एकमेकांवरून जातात, परंतु एकमेकांस घट्ट धरीत नाहींत. म्हणून विरळ विणलेलें कापड फिसकटतें. भोकें जागच्या जागीं राहतील असें कापड यंत्रावर काढणाऱ्यांत जॉन हीथकोट ह्यांचें नांव पहिलें घ्यावें लागतें. त्यांच्या चरित्रांत यश पुष्कळ आहे, आणि त्या यशाच्या आड सात माणसांचे फांशीचे दोरही आहेत.

जॉनचा जन्म इंग्लंडांत डर्बी शहराजवळ डफील्ड गांवीं ता. ७ ऑगस्ट १७८३ रोजीं झाला. बाप लहानसा शेतकरी. पुढें त्याची दृष्टि गेली, व कुटुंब लेस्टर परगण्यांत लाँग व्हॉटन ह्या खेड्यांत राहावयास आलें. शाळा थोडकीच झाली. त्या मुलुखांत घरोघर पायमोजे विणण्याचीं यंत्रें चालत. म्हणून मुलास तीं यंत्रें बनविणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीस ठेवलें. मोज्यांचें तें यंत्र विल्यम ली ह्यानें १५८९ सालीं प्रथम काढलें. ली हा धर्मोपदेशक होता असें परंपरेनें सांगतात, म्हणजे आमच्याच व्यवसायाचा मनुष्य. तेव्हां उपदेशकांस हातांचें काम येत नाहीं असें कोणी म्हणूं नये!

येथें विणकामाचे दोन प्रकार समजून घेतले पाहिजेत. आपल्या बायका दोन सुयांवर लोकरीचा गळपट्टा विणतात, त्यांत एकच धागा आडवा जातो. एक टांका तुटला तर खालपर्यंत उसवत जातें. लीच्या यंत्राचें कामही ह्याच जातीचें. पुढें १७७५ च्या सुमारास निराळें यंत्र निघालें. त्यांत मागाप्रमाणें एका रुळावर शेंकडों उभे धागे गुंडाळलेले असतात. समोर सुयांची लांब ओळ असते, आणि प्रत्येक सुईला तिचा स्वतंत्र धागा. प्रत्येक धागा एका बारीक नेढ्यांतून येतो, व हीं सर्व नेढीं एकाच पट्टीवर बसविलेलीं असतात. पट्टी सुयांच्या मधून पुढें जाते, एक सुई ओलांडून बाजूस सरकते आणि मागें येते. तेवढ्यांत प्रत्येक सुईभोंवतीं धाग्याचा वेढा पडतो. मग सर्व सुया एकदम खालीं बसून नवा वेढा जुन्या टांक्यांतून ओढून घेतात. अशा रीतीनें सबंध ओळ एका झटक्यांत विणली जाते, व प्रत्येक धाग्याची एक उभी साखळी होत जाते. पट्टी शेजारच्या सुईकडे सरकली म्हणजे दोन साखळ्या जोडल्या जातात. कांहीं ओळी ती शेजारी गेलीच नाहीं, तर साखळ्या सुट्या राहून मध्यें भोक पडतें. पुन्हां सरकली कीं भोक मिटतें. जाळीचें सारें रहस्य ह्या सरकण्यांत आहे.

उमेदवारी संपल्यावर जॉन नॉटिंगहॅम शहरीं यंत्रें जुळविण्याच्या कामास लागला. ताण्याच्या ह्याच यंत्रास एक जोड बसवून त्यानें लेसीसारखे दिसणारे हातमोजे काढले. परंतु त्याचें समाधान झालें नाहीं. श्रीमंत घरच्या स्त्रिया जी खरी जाळी वापरीत ती टांक्यांची नव्हती, पिळाची होती. बेडफर्ड, बकिंगहॅम, नॉर्थॅम्प्टन आणि डेव्हन ह्या परगण्यांतील गरीब स्त्रिया मांडीवर उशी घेऊन, तींत टाचण्या टोंचून, लहान लांकडी कांड्यांवरचे धागे एकमेकांभोंवतीं पिळीत ही जाळी करीत. चांगली हुशार बाई मिनिटास सुमारें पांच घरें विणी. वस्त्र अर्थातच फार महाग.

जॉननें हातची लेस विकत आणली आणि एकएक धागा उसवून पाहिला. कांड्यांची ती गर्दी पाहून इतर लोक भांबावून जात. ह्याला मात्र एक गोष्ट दिसली. सर्व धाग्यांनीं फिरण्याची गरज नाहीं. अर्धे धागे ताण्याप्रमाणें उभे स्थिर ठेवावे, आणि उरलेल्या अर्ध्यांनीं त्यांच्याभोंवतीं पीळ देत तिरपें जावें, कांहींनीं डावीकडे व कांहींनीं उजवीकडे, म्हणजे षट्कोणी घर आपोआप बनेल. विचार एका वाक्यांत मावला. यंत्र करण्यास वर्षें लागलीं. फिरते धागे ताण्याच्या अरुंद फटींतून न्यावयाचे, म्हणून पितळेच्या अगदीं पातळ चकत्यांच्या कांड्या केल्या, आणि त्या घड्याळाच्या लंबकाप्रमाणें मागेंपुढें झुलविण्याची योजना केली. ह्या काळांत घरीं पैसा नसे. एका शनिवारीं संध्याकाळीं पत्नीनें यंत्र चालेल कां म्हणून विचारलें. पुन्हां सगळें सोडवावें लागणार असें उत्तर ऐकून ती रडूं लागली, अशी गोष्ट त्यांच्या चरित्रकारांनीं नमूद केली आहे. थोड्याच आठवड्यांनीं नवऱ्यानें जाळीची एक अरुंद पट्टी आणून तिच्या हातांत ठेवली.

१८०८ आणि १८०९ ह्या सालीं सरकारांतून दोन सनदा मिळाल्या. त्या वेळीं हीथकोट पंचविशीच्या आंतबाहेर होते. त्यांचें यंत्र मिनिटास सुमारें हजार घरें काढूं लागलें. आरंभीं ह्या जाळीच्या चौरस याराडास पांच पौंडांपर्यंत किंमत पडे. पंचवीस वर्षांत ती कांहीं पेन्सांवर आली. लफबरो गांवीं त्यांनीं भागीदारींत मोठा कारखाना काढला.

आतां आमच्या कथेचा दुःखद भाग. नेपोलियनबरोबरचें युद्ध १८१५ सालीं संपलें, व्यापार मंदावला, मजुरी उतरली, आणि १८१६ च्या वाईट हंगामानें भाकर महाग झाली. मध्य इंग्लंडांतील मोजे व लेस विणणारे कामगार १८११ पासूनच रात्रीं टोळ्यांनीं जाऊन यंत्रें फोडीत असत. त्यांस लडाइट म्हणत. १८१२ सालीं सरकारनें यंत्र मोडण्यास देहांत शिक्षा ठरविली. तरीही ता. २८ जून १८१६ च्या रात्रीं तोंडें झांकलेली, हत्यारबंद टोळी लफबरोच्या कारखान्यांत शिरली. पहारेकऱ्यावर गोळी झाडली; तो जखमी झाला. हातोड्यांनीं पंचावन्न यंत्रें फोडून टाकलीं, आणि चालू जाळी जाळली. जेम्स टाउल नांवाच्या मनुष्यास त्याच वर्षीं नोव्हेंबरांत फांशी झाली, व पुढील एप्रिलांत आणखी सहा जणांस.

पुष्कळ जुन्या पुस्तकांत ह्या लोकांस मूर्ख व दुष्ट म्हटलें आहे. आम्हांस तसें म्हणवत नाहीं. पहारेकऱ्यावर गोळी झाडणें हें पापच. परंतु लोखंडी यंत्राचा मोबदला माणसाच्या मानेनें घेणारा कायदा त्याहून न्यायाचा होता असें कसें म्हणावें? आमच्या वऱ्हाडांतही असाच फेर झाला. १८६७ सालीं रेल्वे नागपुरापर्यंत पोंचली. विलायती सूत व कापड खेड्यापाड्यांत शिरलें. सूत काढणाऱ्या बायकांचे चरखे थांबले व कोष्ट्यांचे माग ओस पडूं लागले. त्यांनीं कोणाचें यंत्र मोडलें नाहीं. तीं यंत्रें समुद्रापलीकडे होतीं. हेंही सांगितलें पाहिजे कीं हीथकोटांच्या जाळीशीं आमच्या कापसाचा संबंध नव्हता. वऱ्हाडी कापसाचा तंतु आंखूड; जाळीस लागणारें केसासारखें सूत त्यांतून निघत नसे.

नुकसान सुमारें दहा हजार पौंडांचें ठरलें, आणि परगण्यानें तें भरून द्यावें असा निवाडा झाला. अट एवढीच कीं रक्कम त्याच परगण्यांत खर्च करावी. हीथकोटांनीं ती अट नाकारली व रक्कमही सोडली. त्यांनीं दूर नैर्ऋत्येस डेव्हन परगण्यांत टिव्हर्टन गांवीं एक्स नदीकांठची मोठी गिरणी घेतली होती. तेथें नदीच्या पाण्यावर चक्र चालत असे. त्या गांवचा लोकरीचा धंदा बसून लोक निरुद्योगी झाले होते. लफबरोच्या कामगारांपैकीं अनेक जण बायकामुलांसह सुमारें दोनशें मैलांची वाट चालून त्यांच्यामागें तेथें गेले. धनी गांव सोडून गेला असतां मजुरांनीं पायीं त्याच्यामागें जावें, ह्यावरून त्यांच्या वागणुकीची थोडी कल्पना येते. फांशी गेलेल्यांच्या बायकामुलांनीं कोणाच्या मागें जावें, ही गोष्ट मात्र आमच्या मनांतून जात नाहीं.

१८२३ सालीं सनदेची मुदत संपली. तेव्हां नॉटिंगहॅमांत एकच धांदल उडाली. दुकानदारांपासून शेतकऱ्यांपर्यंत जो तो उसनवारी करून जाळीचें यंत्र घेऊं लागला. दोन वर्षांत माल अतोनात झाला, भाव कोसळले आणि शेंकडों घरें बुडालीं. हातानें साधी जाळी करणाऱ्या स्त्रियांचें काम तर गेलेंच. डेव्हनमधील कित्येक बायांनीं निराळी वाट काढली: फुलें व पानें पूर्वीप्रमाणें उशीवर करावीं, आणि यंत्राच्या जाळीवर टांकून बसवावीं. १८४० सालीं व्हिक्टोरिया राणीच्या लग्नांतील लेस ह्याच रीतीची होती.

हीथकोट १८३२ पासून १८५९ पर्यंत टिव्हर्टनतर्फें पार्लमेंटांत होते. बोलणारे फार नव्हते. वाफेनें चालणारा नांगर, रेशीम उकलण्याची रीत, असे त्यांचे उद्योग चालूच असत. नांगर मात्र व्यवहारांत टिकला नाहीं. गिरणीच्या मुलांसाठीं त्यांनीं स्वखर्चानें शाळा बांधली, आणि उतार वयांत स्वतः फ्रेंच व इटालियन भाषा शिकले. ता. १८ जानेवारी १८६१ रोजीं टिव्हर्टनजवळ आपल्या घरीं ते वारले.

ज्या ताण्याच्या यंत्रास त्यांनीं तरुणपणीं अपुरें समजून बाजूस ठेवलें, त्याचें पुढें दैव उघडलें. एकाऐवजीं अनेक पट्ट्या आल्या: कांहीं पट्ट्या जाळीची जमीन विणतात, व बाकीच्या तींत जाड धागे अडकवून फुलें काढतात. कृत्रिम धागा आल्यावर त्याचा वेग फारच वाढला. आज बाजारांतील बहुतेक मच्छरदाण्या पॉलिएस्टरच्या असून ताण्याच्या विणकामाच्याच आहेत, आणि स्वस्त लेसही बहुधा त्याच यंत्रावरची असते. टिव्हर्टनची गिरणी हीथकोटांच्याच नांवानें अजून चालते. अमेरिकेचें जें यान फेब्रुवारी २०२१ मध्यें मंगळावर उतरलें, त्याच्या हवाई छत्रीचें कापड तेथेंच विणलेलें होतें.