वनस्पतींची हाक ऐकणारे जगदीशचंद्र

बिनतारी लहरींवर नाव कमावलेले कोलकात्याचे भौतिकशास्त्रज्ञ जगदीशचंद्र बोस (१८५८-१९३७) वनस्पतींकडे वळले, तेव्हा लंडनचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ अस्वस्थ झाले. लाजाळूच नव्हे, तर गाजर-मुळ्यासारख्या साध्या भाज्याही डिवचल्यावर विद्युत प्रतिसाद देतात, असे बोस यांनी १९०१ मध्ये मांडले. रॉयल सोसायटीने तो निबंध छापला नाही. बोस यांनी मग ग्रंथ लिहिले, वाढ दहा हजार पट मोठी करून दाखवणारा क्रेस्कोग्राफ घडवला, १९१७ मध्ये स्वतःची संस्था उभारली. १९२० मध्ये त्याच सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले.

वनस्पतींना मज्जासंस्था असते, हा त्यांचा दावा अतिरेकीच होता. विद्युतसंकेत मात्र खरे ठरले. जखमी पानातून इतर पानांकडे जाणाऱ्या संकेतामागील जनुके २०१३ मध्ये उलगडली. ती प्राण्यांच्या मज्जापेशींतील ग्लुटामेट ग्राहकांच्या जनुकांशी मिळतीजुळती निघाली.