पंडितांचा शागिर्द अल-बिरूनी

चांद दिसला की नाही, यावरून दर रमजानला आपल्या मोहल्ल्यात वाद होतात. या चांद-सूर्याच्या हिशोबात उभी हयात घालवलेल्या एका आलिमची आठवण आम्ही आज काढतोय.

अबू रैहान अल-बिरूनी यांचा जन्म 973 साली ख्वारिज्ममधल्या काथ शहरात, म्हणजे आजच्या उझबेकिस्तानात झाला. तिशीच्या आतच त्यांनी इराणी, यहुदी, ग्रीक, अरब अशा कितीतरी कौमांच्या कालगणना एका ग्रंथात तपासल्या. ख्वारिज्मची जुनी लिपी जाणणारे लोक अरब सेनापती कुतैबाने संपवले, ही खंतही त्यात आहे. विजेते आपले म्हणून त्यांनी ती लपवली नाही.

1017 मध्ये महमूद गझनवीने ख्वारिज्म जिंकलं आणि बिरूनींना गझनीला नेलं. पुढे महमूदच्या स्वाऱ्या सुरू असतानाच बिरूनी मात्र चाळिशी ओलांडल्यावर संस्कृत शिकत होते! पोथ्यांसाठी ते पदरचा पैसा खर्च करत. श्लोकांतलं गणित समजायला अवघड, त्यात नकलकारांच्या चुका. सुरुवातीला ते पंडितांसमोर शागिर्दासारखे उभे राहत.

1030 च्या सुमारास 'किताबुल हिंद' पूर्ण झाली. कोकणची राजधानी म्हणून आपलं ठाणंही तिच्यात आहे. पण आम्हाला मोलाचं वाटतं ते ग्रहणाचं प्रकरण. पृथ्वीच्या सावलीमुळे चंद्रग्रहण होतं, हे नीट सांगणाऱ्या वराहमिहिरांची बिरूनींनी तारीफ केली. ब्रह्मगुप्तांना हे माहीत होतं, त्यांचं गणितही त्यावरच चालायचं, तरी त्यांनी राहूची बाजू घेतली. बिरूनींनी त्यांना खडसावलं, पण सॉक्रेटिसवर आली तशी आफत टाळायला त्यांनी असं केलं असेल का, असा विचारही केला. दुसऱ्याची मजबुरी समजून घेणारी अशी टीका आज कुठे वाचायला मिळते?

महमूदच्या स्वाऱ्यांनी हिंदची भरभराट उद्ध्वस्त झाली आणि तिथलं इल्म काश्मीर, बनारसकडे सरकलं, हेही त्यांनी त्याच किताबात लिहिलं. ते राहत होते महमूदच्याच राजधानीत.

1048 च्या सुमारास गझनीत त्यांचा इंतकाल झाला. शेवटच्या आजारात एक फकीह मित्र भेटायला आले, तेव्हा त्यांनी वारसाहक्काचा एक अडलेला मसला विचारला, अशी रिवायत आहे. या हालतीत कशाला, असं मित्र म्हणाले. पण न समजता जाण्यापेक्षा समजून गेलेलं बरं, हा बिरूनींचा हट्ट. मित्राने मसला समजावला, बिरूनींनी तो पाठ म्हणून दाखवला. मित्र घराबाहेर रस्त्यावर पोहोचले, तोच आतून रडण्याचा आवाज आला.