इब्न अल-हैसम : अंधारी खोली, सात आरसे आणि एक फिल्टर

'कॅमेरा' हा शब्द अरबीतून आला आणि कॅमेरा इब्न अल-हैसम यांनी शोधला, असा मेसेज दर काही महिन्यांनी आमच्याकडे फिरत येतो. फोटोग्राफीच्या धंद्यात उतरलेली आपली मुलं आता पुढचं विचारतात: आकाश गडद करणारा, पाण्यावरची चमक घालवणारा पोलरायझिंग फिल्टर, तोही त्यांचाच का? तर नाही. 'कॅमेरा' हा लॅटिन शब्द, अर्थ खोली. आपल्या बोलण्यातला 'कमरा'सुद्धा पोर्तुगीजांमार्फत तिथूनच आला. आणि फिल्टरमागचं तत्त्व इब्न अल-हैसम यांच्यानंतर जवळजवळ आठशे वर्षांनी सापडलं. त्यांनी खरोखर जे केलं तेच इतकं मोठं आहे की त्याला खोट्या दागिन्यांची गरज नाही.

अबू अली अल-हसन इब्न अल-हैसम यांचा जन्म इ.स. ९६५ च्या सुमारास (३५४ हिजरी) इराकमधल्या बसऱ्यात झाला. युरोप त्यांना 'अल्हाझेन' म्हणतो. ते 'अल-हसन'चंच बिघडलेलं रूप. गणित, खगोल आणि ग्रीक तत्त्वज्ञान या तिन्हींत गती, आणि पोटापाण्यासाठी सरकारी नोकरी. नोकरीत मन रमेना, एवढं चरित्रकारांच्या लिखाणावरून दिसतं.

मग आला नाईलचा किस्सा. इब्न अल-किफ्ती यांनी दोनेक शतकांनी लिहिलेल्या चरित्रकोशात तो आहे. नाईलच्या पुरावर आणि दुष्काळावर काही बंदोबस्त करता येईल, असं इब्न अल-हैसम बोलून गेले. ते इजिप्तच्या फातिमी खलिफा अल-हाकिमच्या कानावर गेलं. त्याने बोलावून घेतलं, माणसं दिली, पैसा दिला. हे नदीच्या काठाने दक्षिणेकडे अस्वानपर्यंत गेले. वाटेत प्राचीन मिसरी लोकांची अफाट बांधकामं पाहिली आणि मनात हिशोब झाला: ज्यांना हे जमलं त्यांना नाईल अडवणं शक्य असतं, तर त्यांनी सोडलं नसतं. परत येऊन त्यांनी काम होणार नाही हे कबूल केलं. अल-हाकिम लहरी आणि क्रूर म्हणून प्रसिद्ध. त्याने दिलेली नोकरी नाकारणं धोक्याचं, करणंही धोक्याचं. म्हणून इब्न अल-हैसम यांनी वेडाचं सोंग घेतलं, त्यांना घरात डांबलं गेलं, आणि १०२१ मध्ये खलिफा गेल्यावरच ते 'शहाणे' झाले. दुसऱ्या एका चरित्रकाराच्या लेखी वेडाचं सोंग बसऱ्यातच घेतलं होतं. आम्हाला यात महत्त्वाचं वाटतं ते सोंग नाही, तर अस्वानहून रिकाम्या हाताने परत येण्याची हिंमत.

'किताब अल-मनाझिर' हा सात भागांचा ग्रंथ याच काळातला, असं बरेच जण मानतात. काही अभ्यासक तो थोडा नंतरचा धरतात. त्याआधी युक्लिड आणि टॉलेमी यांचं म्हणणं होतं की डोळ्यातून किरण बाहेर पडतात आणि वस्तूला शिवतात, म्हणून दिसतं. इब्न अल-हैसम यांनी साधा सवाल टाकला: तसं असेल तर सूर्याकडे पाहिल्यावर डोळा दुखतो कशाला? उजेड वस्तूवरून निघतो आणि डोळ्यात येतो, असं त्यांनी मांडलं आणि पायरी-पायरीने पडताळून दाखवलं.

पडताळणीची जागा म्हणजे अंधारी खोली, अरबीत अल-बैत अल-मुझलिम. एका छिद्रासमोर बाहेर वेगवेगळ्या जागी काही दिवे ठेवायचे. आत भिंतीवर तितकेच उजेडाचे ठिपके पडतात. एक दिवा झाकला की नेमका त्याचाच ठिपका जातो, बाकीचे जागच्या जागी. म्हणजे सगळे उजेड एकाच छिद्रातून गेले तरी एकमेकांत मिसळत नाहीत, प्रत्येक आपल्या सरळ रेषेत जातो. ग्रहणावरच्या एका छोट्या ग्रंथात त्यांनी हेही तपासलं की छिद्र गोल असूनही ग्रहणात सूर्याची प्रतिमा कोरीची का पडते, आणि छिद्र मोठं केलं की ती का बिघडते. कॅमेऱ्यात अॅपर्चर फिरवणाऱ्याने हे एकदा वाचावं.

सुटकेनंतर ते अल-अझहरजवळ राहिले. उपजीविका म्हणजे नकला करणं. वर्षातून एकदा युक्लिडचा भूमितीचा ग्रंथ, टॉलेमीचा अल-मजिस्ती आणि मधल्या अभ्यासाची पुस्तकं हाताने उतरवायची आणि १५० मिसरी दिनारला विकायची. त्यावर वर्ष काढायचं. ज्या टॉलेमीची नक्कल विकून पोट भरलं, त्याच टॉलेमीच्या चुकांवर त्यांनी वेगळा ग्रंथ लिहिला.

आता फिल्टरकडे. 'मनाझिर'चे तीन भाग परावर्तनावर आहेत. नियम तपासायला त्यांनी सात प्रकारचे आरसे वापरले: सपाट, आणि गोल, दंडगोल, शंकू यांचे आतून व बाहेरून चकचकीत केलेले. हे आरसे धातूचे. इथेच गंमत आहे. पाणी, काच, झाडाचं पान यांवरून तिरका परतणारा उजेड बऱ्याच अंशी एकाच पातळीत थरथरू लागतो. याला ध्रुवीभवन म्हणतात (बातम्यांत रोज येणारं ध्रुवीकरण ते वेगळं). धातूवरून परतताना हा परिणाम फारच कमी होतो. म्हणून आजही पोलरायझर पाण्यावरची चमक घालवतो, पण स्टीलच्या भांड्यावरची घालवत नाही.

ते ज्याला दिसलं तोही काहिरा पाहून आलेला. नेपोलियनच्या फौजेबरोबर १७९८ मध्ये इजिप्तला गेलेला फ्रेंच इंजिनिअर एतिएन मालुस. तिथल्या मोहिमेत प्लेगने पछाडला, तरी वाचला. १८०८ मध्ये पॅरिसला, मावळतीच्या उन्हात चमकणाऱ्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांकडे त्याने एका पारदर्शक स्फटिकातून पाहिलं. स्फटिक फिरवला तशी दोनपैकी एक प्रतिमा मंदावली. खिडक्या काचेच्या होत्या, आरशासारख्या धातूच्या नाहीत. चार वर्षांत, छत्तिसाव्या वर्षी तो गेला.

निळ्या आकाशाचा उजेडही असाच ध्रुवित असतो, पण सगळीकडे सारखा नाही. सूर्यापासून ९० अंशांवर सर्वांत जास्त, सूर्याजवळ आणि त्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला जवळजवळ नाहीच. वाइड लेन्सचा घोळ इथे होतो. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर १६ मिमी लेन्स आडवी साधारण ९७ अंश पाहते. म्हणजे गडद पट्टा आणि फिका भाग दोन्ही एकाच फोटोत, आणि आकाशावर डाग पडल्यासारखं दिसतं. २४ मिमीच्या खाली गेलात की फिल्टर पूर्ण फिरवू नका, अर्ध्यावर ठेवा किंवा काढूनच टाका. महाग फिल्टर घेऊन हे टळत नाही, दुकानदार काहीही म्हणो. फिल्टर साधारण एक ते दोन स्टॉप उजेड खातो, तेही धरून चाला.

घेताना पातळ कडीचा घ्या. जाड कडी वाइड लेन्सच्या कोपऱ्यांत काळी दिसते. आधीचा यूव्ही फिल्टर तसाच ठेवून त्यावर पोलरायझर चढवणं ही नेहमीची चूक: कड्यांची उंची वाढते आणि कोपरे जातात. यूव्ही काढा. एनडीबरोबर लावायचाच असेल तर पोलरायझर बाहेरच्या बाजूला ठेवा, म्हणजे फिरवता येतो. ७७ मिमीच्या लेन्सला स्टेप-अप रिंग लावून ८२ मिमीचा फिल्टर बसवला तर कोपऱ्यांना मोकळीक मिळते, फक्त हूड बसत नाही.

दोन पोलरायझर एकावर एक लावले तर मालुसचाच नियम लागू होतो. पहिल्यातून जेवढा उजेड आला त्यातला दुसऱ्यातून ४५ अंशांवर निम्मा जातो, ६० वर पाव, ९० वर जवळजवळ काहीच नाही. व्हेरिएबल एनडी याच तत्त्वावर चालतो. पण त्यासाठी पुढचा फिल्टर लिनिअर हवा. दोन्ही सर्क्युलर लावून फिरवत बसलात तर हा अंधार येणार नाही. आणि वाइड लेन्सवर ही जोडी शेवटापर्यंत फिरवली की फोटोवर फुलीच्या आकाराचा काळा डाग उमटतो.

ईदगाहवर फोटो काढणाऱ्यांसाठी एक हिशोब. आपल्याकडे किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला. ईदच्या नमाजच्या वेळी सूर्य पूर्वेला खाली असतो. म्हणून सफांच्या मागे उभं राहून मिहराबच्या दिशेने कॅमेरा धरलात तर आकाशावर पोलरायझरचा परिणाम नगण्य. त्याच सफा बाजूने, उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे तोंड करून टिपल्या तर गडद पट्टा उभा, थेट चौकटीच्या मध्यावर येतो. तपासायचं असेल तर तर्जनी सूर्याकडे धरा, अंगठा काटकोनात ताणा आणि मनगट फिरवा. अंगठा जिथे जिथे फिरतो, तिथे आकाश सर्वांत गडद होणार.

इब्न अल-हैसम यांचं निधन इ.स. १०४० च्या सुमारास काहिऱ्यात झालं. ग्रंथ बाराव्या शतकाच्या अखेरीस, तेराव्याच्या सुरुवातीला लॅटिनमध्ये गेला आणि १५७२ मध्ये बासेलला छापला गेला. पूर्वेकडे इराणच्या कमालुद्दीन अल-फारिसी यांनी त्यावर मोठं भाष्य लिहिलं, पाण्याने भरलेला काचेचा गोल अंधाऱ्या खोलीत ठेवून इंद्रधनुष्य समजावलं. आणि मूळ अरबी ग्रंथाची एक फार जुनी प्रत आज इस्तंबूलमध्ये आहे. ती ४७६ हिजरीत, म्हणजे इ.स. १०८३-८४ मध्ये, नकला करून जगलेल्या या माणसाच्या जावयाने स्वतःच्या हाताने उतरवलेली.