महात्मा फुले यांचा पक्षाघात : मेंदूतील रक्तवाहिन्यांबद्दल आज आपल्याला काय माहीत आहे?

जोतीराव फुले यांचा जन्म १८२७ चा. १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, सावित्रीबाईंना शिकवून शिक्षिका केले आणि १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला. मे १८८८ मध्ये मुंबईत त्यांना ‘महात्मा’ ही पदवी मिळाली. त्यानंतर काही आठवड्यांतच, जुलैमध्ये, त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली. ‘गुलामगिरी’ आणि ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणारा हात उचलेना.

डॉ. विश्राम रामजी घोले यांनी त्यांच्यावर उपचार केले. जोतीराव डाव्या हाताने लिहायला शिकले आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांनी त्याच हाताने पूर्ण केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले. पुस्तक १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले.

डॉक्टरांना तेव्हा काय दिसत होते?

उजवी बाजू लुळी पडली म्हणजे इजा बहुधा मेंदूच्या डाव्या भागात, हे घोले यांच्या काळातील डॉक्टरांना ठाऊक होते. हे ज्ञान शवविच्छेदनातून आले होते. पण रक्तवाहिनीत गुठळी अडकली की रक्तवाहिनी फुटली, हे रुग्ण जिवंत असताना खात्रीने सांगता येत नसे. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे रिव्हा-रोची यांचे उपकरण १८९६ मध्ये आले आणि पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन १९७१ मध्ये झाला.

शवविच्छेदनाने काय शिकवले?

मेंदूतील रक्तस्राव एकाच कारणाने होत नाही.

- अनेक वर्षे रक्तदाब वाढलेला राहिला की मेंदूच्या खोल भागातील बारीक धमन्या कमकुवत होऊन फुटतात. अशा धमन्यांवरचे सूक्ष्म फुगवटे शार्को आणि बुशार यांनी १८६८ मध्ये शवविच्छेदनांत दाखवले.
- मोठ्या धमनीच्या भिंतीला फुगा येतो. तो फुटला तर मेंदूभोवती रक्त पसरते.
- काहींमध्ये धमन्या आणि शिरा थेट जोडलेल्या असतात व त्यांचा गुंता झालेला असतो. मधल्या केशवाहिन्या नसल्याने धमनीतला जोरदार प्रवाह पातळ भिंतीच्या शिरेत शिरतो. हा दोष बहुतेकदा जन्मजात असतो. त्यामुळे रक्तदाब नसलेल्या तरुणालाही रक्तस्राव होऊ शकतो.

घरच्यांनी काय करावे?

चेहरा वाकडा होणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, किंवा आयुष्यात कधी झाली नाही अशी अचानक, तीव्र डोकेदुखी : यांपैकी काहीही दिसले तर झटका किती वाजता आला ते लक्षात ठेवा आणि १०८ वर फोन करा. जिथे सीटी स्कॅनची सोय आहे अशाच रुग्णालयात न्या. गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. घरी ॲस्पिरिन देऊ नका. रक्तस्राव असेल तर ते घातक ठरू शकते.

भिवंडीत यंत्रमागावर पाळी करणाऱ्या माणसाचे पोट दोन्ही हातांवर असते. त्याने काही त्रास नसला तरी रक्तदाब मोजून घ्यावा आणि सुरू केलेली गोळी मनाने बंद करू नये. झटका येऊन गेला असेल, तर डॉक्टर सांगतील तेव्हा लगेच व्यायामोपचार सुरू करावेत. एकसष्टाव्या वर्षी जोतीरावांनी दुसऱ्या हाताने पुन्हा लिहिणे शिकून घेतले होते.