तोयोहिको कागावा : जपानी खेड्यांचा मित्र

शेतात पीक उत्तम यावे आणि तरीही शेतकऱ्याच्या घरची चूल विझलेली असावी, ही गोष्ट ऐकणाऱ्यास सहसा खरी वाटणार नाही. परंतु इ. स. १९३० साली जपान देशात असेच घडले. त्या वर्षी भात भरपूर पिकले, आणि भरपूर पिकले म्हणूनच त्याचा भाव कोसळला. जपानी लोक त्यास सुगीतला दुष्काळ म्हणू लागले. त्या कठीण दिवसांत खेडोपाडी हिंडून शेतकऱ्यांस धीर देणारे व एकमेकांच्या साह्याने उभे राहण्याची वाट दाखविणारे जे एक ख्रिस्ती गृहस्थ होते, त्यांचे चरित्र आपल्या ग्रामीण मंडळ्यांनी अवश्य जाणून घ्यावे.

तोयोहिको कागावा यांचा जन्म १० जुलै १८८८ रोजी कोबे या बंदराच्या शहरी झाला. वडील सुखवस्तू व्यापारी होते; आई मात्र त्यांची लग्नाची बायको नसून कलावंतीण होती. मूल चार वर्षांचे असतानाच दोघेही वारली. मग त्यास तोकुशिमा प्रांतातील खेड्यात वडिलांच्या लग्नाच्या पत्नीकडे पाठविण्यात आले. त्या घरी खाण्यापिण्यास होते, पण माया नव्हती. पुढे शाळेत असता लोगन व मायर्स या दोन मिशनरी साहेबांचा त्यांस सहवास लाभला. आरंभी ते इंग्रजी शिकावयास जात. परंतु तेथे जी प्रीती मिळाली तिने त्यांचे मन जिंकले व १९०४ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. चुलत्यांस हे मुळीच रुचले नाही. घरचा आधार तुटला, आणि लवकरच क्षयरोगानेही गाठले.

ईश्वरविज्ञानाचे शिक्षण चालू असताच १९०९ सालच्या नाताळच्या आदल्या दिवशी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ते कोबेतील शिंकावा नावाच्या अत्यंत दरिद्री वस्तीत राहावयास गेले. त्यांची खोली जेमतेम सहा फूट लांबरुंद होती, आणि तीतही त्यांनी आजारी व निराधार माणसांस जागा दिली. तेथेच त्यांस डोळ्यांची खुपरी जडली व जन्मभर दृष्टी अधू राहिली. १९१३ साली त्यांचा हारू नावाच्या कामकरी तरुणीशी विवाह झाला. ती बाईही त्या वस्तीत आनंदाने राहिली. पुढे अमेरिकेत प्रिन्स्टन येथे शिकून आल्यावर त्यांचे असे ठाम मत झाले की, एकेका दरिद्र्यास भिक्षा घातल्याने दारिद्र्य हटत नाही. ज्या व्यवस्थेतून ते उपजते तीच बदलली पाहिजे. १९२० साली निघालेल्या त्यांच्या आत्मचरित्रपर कादंबरीचा अफाट खप झाला, आणि त्या पैशाचा मोठा भाग त्यांनी अशाच कार्यास लावला. १९२१ साली कोबेच्या गोदी कामगारांच्या संपात त्यांस कैद झाली. १९२२ साली त्यांनी सुगियामा यांच्यासह जपानी शेतकरी संघ स्थापिला. त्या काळी कुळास पिकाचा सुमारे निम्मा हिस्सा खंड म्हणून मालकास घालावा लागत असे.

आता मंदीकडे वळू. जपानी शेतकऱ्याचे घर दोन खांबांवर उभे होते : एक भात, दुसरे रेशीम. सुमारे पाच घरांपैकी दोन घरी बायकामाणसे रेशमाचे किडे पाळीत व तुतीचा पाला घालून कोश तयार करीत. ते रेशीम मुख्यतः अमेरिकेत जाई. १९२९ च्या अखेरीस अमेरिकेतील बाजार बुडाला, तेथील लोकांनी रेशमी वस्त्रे घेणे सोडले, आणि दूरच्या जपानी खेड्यातील कोशाचा भाव वर्षभरात जवळजवळ निम्म्यावर आला. त्याच सुमारास भाताचा भाव पडला. गिरण्या बंद पडल्यामुळे शहरात गेलेली मुले रिकाम्या हातांनी, कित्येक तर रेल्वेच्या भाड्याअभावी पायीच, गावी परतली. खाणारी तोंडे वाढली, कर्ज वाढले. १९३१ व १९३४ साली उत्तरेकडील प्रांतांत उन्हाळ्यातही थंडी पडून पीक करपले. मुले डब्यावाचून शाळेत जात. कित्येक बापांनी कर्जापायी आपल्या मुली गिरणीच्या वा कुंटणखान्याच्या दलालांस दिल्या. एका खेड्याच्या कचेरीवर तर मुलगी विकण्यापूर्वी आमच्याशी विचारविनिमय करा, अशा अर्थाची पाटी लागली.

शहरांतील बेकारांनी पोट भरण्याचा एक निराळाच धंदा काढला. सायकलीवर लाकडी चौकट बांधून तीत रंगीत चित्रे एकामागून एक सरकवावयाची व गोष्ट सांगावयाची, यास कामीशिबाई म्हणत. लाकडाच्या दोन पट्ट्या वाजल्या की गल्लीतली मुले धावत येत, गोळ्या विकत घेत व तोंडात चघळीत गोष्ट ऐकत. कागावांच्या कार्याशी संबंध असलेल्या इमाई योने या बाईंनी १९३३ साली याच रीतीने शुभवर्तमानातील गोष्टी मुलांस सांगण्यास आरंभ केला.

कागावांचा स्वतःचा उपाय सहकाराचा होता. कोबे येथे १९२१ सालीच त्यांच्या प्रेरणेने ग्राहकांच्या सहकारी संस्था निघाल्या होत्या. १९२८ साली तोक्योच्या गरीब वस्तीत त्यांनी सहकारी गहाणवटीची पेढी काढविली, म्हणजे अडलेल्या बाईस अंगावरचा कपडा ठेवून सावकाराच्या जबर व्याजावाचून पैसा मिळावा. १९३२ साली सहकारी दवाखाना सुरू झाला. खेड्यांतील तरुणांसाठी त्यांनी शुभवर्तमान शाळा चालविल्या. हिवाळ्यात शेतीचे काम थंडावले की, थोडे तरुण एकत्र राहत आणि पवित्र शास्त्र, शेती व सहकार ही तिन्ही एकाच छपराखाली शिकत. जपानात सपाट जमीन थोडी व डोंगर फार; म्हणून ते सांगत की, उतारावर अक्रोड व चेस्टनटची झाडे लावा, त्यांखाली शेळ्या व डुकरे पाळा, मधमाश्या ठेवा, म्हणजे केवळ भाताच्या भावावर प्राण टांगलेला राहणार नाही. दूध व मध वाहणारा देश या अर्थाच्या नावाची त्यांची कादंबरी १९३४ व १९३५ साली शेतकी सहकारी संस्थांच्या मासिकात क्रमशः आली. एका दरिद्री डोंगरी गावचा तरुण सहकाराने गाव कसे सावरतो, हे तीत सांगितले असून ती लाखो शेतकरी कुटुंबांत वाचली गेली.

परंतु भुकेलेल्या खेड्यांस दुसरेही लोक वाट दाखवीत होते. खेड्यातून आलेल्या शिपायांची दैना पाहून तरुण लष्करी अधिकारी संतापले, आणि तलवारीनेच देश सुधारेल असे मानू लागले. १९३१ साली मांचुरिया घेतला गेला, १९३२ साली मुख्य प्रधान इनुकाई यांचा खून झाला, दरिद्री शेतकऱ्यांस मांचुरियात जमिनीची आशा दाखविण्यात आली, आणि १९३७ साली चीनशी युद्ध पेटले. १९३९ च्या जानेवारीत कागावा हिंदुस्थानात आले असता बारडोली येथे महात्मा गांधींस भेटले. युद्धाविषयी आपले मत उघड बोलावे, मग प्राण गेला तरी चालेल, असा गांधींचा सल्ला होता. कागावांपुढे मात्र मोठा पेच होता. ते उघड बोलले, तर ज्या संस्थांवर हजारो गरिबांची भाकरी अवलंबून होती त्यांचे काय होणार?

१९४० च्या ऑगस्टात युद्धविरोधी लिखाणासाठी लष्करी पोलिसांनी त्यांस पकडले व काही दिवसांनी सोडले. त्यानंतर मात्र हा थोर पुरुष डगमगला. युद्धाच्या अखेरच्या वर्षांत त्यांनी अमेरिकेविरुद्ध रेडिओवर भाषणे केली. तसेच, समाजाने अस्पृश्य लेखलेल्या जपानी जातीविषयी त्यांच्या एका जुन्या ग्रंथात जे हीन लेखन आहे, त्याचाही दोष त्यांजकडेच जातो. चरित्रकाराने हे लपवू नये. ज्याने दरिद्र्यांच्या अंथरुणात वाटा घेतला, त्यासही भय व पूर्वग्रह यांनी गाठावे, यावरून माणसाने आपल्या बळावर किती विसंबावे हे ध्यानी येते.

युद्धानंतर ते पुन्हा शांतीच्या व सहकाराच्या कार्यास लागले. १९५१ साली स्थापन झालेल्या जपानी ग्राहक सहकारी महासंघाचे ते पहिले अध्यक्ष झाले. २३ एप्रिल १९६० रोजी तोक्यो येथे त्यांस देवाज्ञा झाली. कोबेची त्यांची सहकारी संस्था आज जपानातील मोठ्या संस्थांपैकी एक आहे.

वाचकहो, भाव पडणे किंवा पाऊस चुकणे आपल्या हाती नाही. मात्र त्या दिवशी शेजाऱ्याने शेजाऱ्याचा हात धरावा की सर्वांनी मिळून परक्याच्या भाकरीवर डोळा ठेवावा, हे प्रत्येक गावास ठरविता येते. जपानच्या खेड्यांपुढे या दोन्ही वाटा होत्या. एका वाटेने देश युद्धात गेला व राख झाला. दुसऱ्या वाटेने लावलेले रोप त्या राखेतही जगले.