बाबासाहेबांची लेखणी वाचनातून घडली

जयंती जवळ आली की वस्तीतली पोरं आमच्याकडे येतात. भाषण लिहून द्या म्हणतात. हुशार आहेत, पण चार ओळी मनाने लिहायच्या म्हटल्या की पेन थांबतं. अभ्यासाव्यतिरिक्त काय वाचता, असं विचारलं की गप्प बसतात. म्हणून विहाराच्या या स्मरणिकेत आम्ही परमपूज्य बाबासाहेबांचं संपूर्ण चरित्र सांगत नाही. ते घराघरात माहीत आहे. त्यांची लेखणी कशी घडली, एवढंच सांगतो.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव हे सुभेदार रामजींचे चौदावे अपत्य. सुभेदार कबीरपंथी. घरात भजन, अभंग, दोहे चालत, रामायण-महाभारताचे वाचन होई आणि मुलांना तिथे बसावंच लागे. पुढे मुंबईत परळच्या चाळीत एकच खोली. सुभेदार मुलाला लवकर झोपवत आणि रात्री दोन वाजता उठवून अभ्यासाला बसवत. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्यांनी भीमरावांकडून घोटून घेतली. मराठी वाक्याला नेमका इंग्रजी शब्द कोणता, हे शोधायची सवय तिथेच लागली.

मुलाला बाहेरची पुस्तकं वाचायचा भारी नाद. सुभेदारांची कमाई ती केवढी! पैसे नसले की ते लग्न झालेल्या लेकींकडे जात, उसने मागत, नाहीतर एखादा दागिना घेऊन गहाण टाकत आणि पुस्तक आणत. पेन्शन हाती आली की दागिना सोडवून परत देत. मंजुळा आणि तुळसा या त्या बहिणी. बाबासाहेबांच्या ग्रंथांत त्यांचाही हिस्सा आहे असं आम्ही मानतो. जयंतीच्या भाषणात त्यांचं नाव मात्र क्वचितच ऐकू येतं.

शाळा सुटल्यावर भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तिथे येणारे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी या मुलाला रोज पाहत. त्यांनी चौकशी केली, वाचायला पुस्तकं दिली. परीक्षा पास झाल्याबद्दल सत्कार झाला, तेव्हा गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. ही परीक्षा चरित्रकार १९०७ सालची मॅट्रिक सांगतात, तर बाबासाहेबांनी स्वतः इंग्रजी चौथीची लिहिली आहे. ते काही असो, पुस्तक वाचून मुलगा हलला. घरात ऐकलेल्या पुराणकथा आणि हे चरित्र, दोन्ही समोर ठेवून तो विचार करू लागला. नुसतं पाठांतर करणाऱ्याला हे जमत नाही.

१९१३ साली ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. पोटाला चिमटा घेऊन जुन्या पुस्तकांची दुकानं पालथी घातली, सुमारे दोन हजार ग्रंथ जमवले. १९१७ साली लंडनहून परत येताना त्यांचं सामान दुसऱ्या बोटीवर होतं. महायुद्ध चालू होतं. ती बोट बुडाली आणि तिच्यातली पुस्तकं गेली. १९२० साली पुन्हा लंडन गाठलं. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात सकाळी जायचं ते बंद होईपर्यंत उठायचं नाही, असा क्रम होता.

इथे एक गोष्ट आमच्या पोरांनी ध्यानात घ्यावी. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध पहिल्या फेरीत तसाच मंजूर झाला नाही. परीक्षकांनी पुन्हा लिहायला सांगितलं. बाबासाहेबांनी मुंबईत बसून तो नव्याने लिहिला, पण निष्कर्ष बदलले नाहीत. १९२३ साली डी.एस्सी. मिळाली आणि त्याच वर्षी ग्रंथही छापून आला. एवढ्या वाचलेल्या माणसालाही पुन्हा लिहावं लागलं!

इंग्रजीत असा अर्थशास्त्री, तर मराठीत वेगळाच झरा. ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ निघाला, ३ एप्रिल १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’. पहिल्याच्या माथ्यावर तुकोबा, दुसऱ्याच्या माथ्यावर ज्ञानोबा. लहानपणी कानावर पडलेले अभंग असे वर आले. हाताशी लेखक नाहीत, पैसा नाही. ‘बहिष्कृत भारत’चे रकाने ते बहुतांशी एकटेच भरत. ती मराठी वाचावी. म्हणी येतात, टोमणा येतो, पण मुद्दा सुटत नाही.

शाळेत संस्कृत नाकारलं म्हणून फारसी घ्यावी लागली होती. पुढे संस्कृतचा अभ्यास त्यांनी स्वतःच्या जिद्दीने केला. ज्या ग्रंथांच्या आधारे आपल्याला शूद्र-अतिशूद्र ठरवलं, तेच धुंडाळून १९४६ साली शूद्रांच्या मूळावरचा ग्रंथ लिहिला. दादरच्या हिंदू कॉलनीतलं राजगृह तर त्यांनी पुस्तकांना जागा हवी म्हणूनच बांधलं.

१९५१ पासून ते बुद्ध आणि त्यांच्या धम्मावरच्या ग्रंथाला बसले. मधुमेह, दुखणारे पाय, अधू होत गेलेली नजर, तरी वाचन-लेखन चालूच. केळुसकर गुरुजींच्या त्या भेटीची आठवण त्यांनी १९५६ साली या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत नोंदवली. ५ डिसेंबरच्या रात्री दिल्लीत अलीपूर रोडच्या बंगल्यात ग्रंथाचे मजकूर त्यांनी नानकचंद रत्तू यांच्याकडून टेबलावर ठेवून घेतले. सकाळी बाबासाहेब नव्हते. ग्रंथ १९५७ साली छापून आला. मराठी भाषांतर तळवटकर, चिटणीस आणि रेगे या तिघांनी केलं. त्यांतले रेगे सिद्धार्थ कॉलेजचे ग्रंथपाल होते. वर्षावासात आषाढी पौर्णिमेपासून आपल्या विहारात रोज संध्याकाळी वाचला जातो, तो हाच ग्रंथ.